देवापुढची कुप्पी

इमामभाईंच्या रागाची कीर्ती केडगाव स्टेशनापासून भीमा ओलांडून पार वडगाव रासाईपर्यंत पोचली होती. त्यांच्या दुकानात शिरण्याआधी शहाणी गिऱ्हाइकं शेजारच्या चहावाल्याकडं बघायची. चहावाल्यानं नकाराची मान हलवली, की गिऱ्हाईक मुकाट्यानं बाकावर बसून चहा मागवायचं. इमामभाईंची बायको शहाबानो म्हणायची की कारलं तुपात तळा नाहीतर साखरेत घोळा, ते कडूच राहणार, आणि हे कारलं तिच्या ताटात निकाहापासून आहे.

पण उगाच चिडणाऱ्यातले इमामभाई नव्हते. चिडायला त्यांना कारण लागायचं. आता जगात कारणांची टंचाई नाही, त्याला ते तरी काय करणार. पत्रा पातळ आला की चिडायचे, कथलात भेसळ निघाली की चिडायचे, आणि ‘चालतंय की’ असं कुणी म्हटलं तर त्या माणसानं चपला हातात घेऊन पळालेलं बरं. चालतंय की, चालतंय की म्हणत म्हणतच हा देश भंगारात निघाला, असं त्यांचं पक्कं मत होतं आणि ते गिऱ्हाइकाला फुकट ऐकवलं जाई.

दुकानात ते बादल्या, चाळण्या, नरसाळी, कोंबड्यांची पाण्याची भांडी असलं सगळं करत. पण नाव झालं ते तेलाच्या कुप्पीनं. यंत्राला तेल घालायची ही पत्र्याची कुप्पी, खाली रुंद आणि वर निमुळती, एका हातात मावणारी. नळी पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात धरायची आणि अंगठा बुडाला लावायचा. बुडाचा पत्रा पातळ आणि जरासा फुगीर. अंगठ्यानं दाबला की टक् करून आत जातो आणि नळीच्या टोकातून तेल सुटतं. अंगठा उचलला की पत्रा आपल्या जागी परत. बघायला एवढंसं काम, पण सगळी कमाल त्या बुडात होती. पत्रा जाड राहिला तर अंगठा दुखतो, फार पातळ झाला तर महिन्याभरात तडकतो. इमामभाई त्याला हातोडीनं बारीक बारीक गोल वळ्या पाडायचे आणि मग कानाशी धरून टक् टक् वाजवून बघायचे. आवाज मनासारखा आला नाही तर ती कुप्पी सरळ रस्त्यावर जायची. समोरून कोण येतंय ते बघायची पद्धत नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे नळी. बाजारातल्या कुप्पीची नळी बोटभर असते. इमामभाईंच्या कुप्पीची वीत आणि वर चार बोटं. हे माप त्यांच्या वडिलांनी बसवलेलं. दौंडच्या लोको शेडमध्ये वाफेची इंजिनं होती तेव्हा वडील इंजिनवाल्यांच्या कुप्प्यांना कथलाचा डाग देऊन द्यायचे. इंजिनाच्या कुप्पीची नळी हातभर लांब असते, कारण चाकांच्या पोटात हात घालायचा नसतो. तिकडची इंजिनं गेली, इकडं दौंड आणि शिरूर तालुक्यांत उसाबरोबर गुऱ्हाळं वाढली. वडिलांनी तीच नळी गुऱ्हाळाच्या मापाला आणली.

गुऱ्हाळात ऊस पिळायचा चरक काही कुणी थांबवून तेल घालत नाही. चरक थांबला की रस थांबतो, काहिलीतला पाक करपतो आणि गूळ करणारा गुळव्या आईमाई काढतो. म्हणून चाकं फिरत असतानाच तेल सोडायचं. दातेरी चाकं एकमेकांत घुसत असतात आणि त्यांना उसाचं आणि बोटाचं अंतर कळत नाही. एकदा एक जण इमामभाईंकडं नवी कुप्पी परत घेऊन आला. नळी फार लांब आहे, पान्यांच्या पेटीत मावत नाही, तेवढी अर्धी कापून द्या म्हणाला. इमामभाईंनी कुप्पी त्याच्या हातातून ओढूनच घेतली.

“ही नळी तेलासाठी न्हाई, तुमच्या बोटांसाठी हाय,” ते म्हणाले. “बोटं नको झाली असतील तर प्लॅस्टिकची मिळती, ती घ्या. पेटीत मावंल.”

असा हा माणूस. आणि त्याच माणसाच्या कुप्पीनं बोटं तोडली, असं एक दिवस सगळा मुलूख बोलायला लागला.

झालं ते वडगाव रासाईच्या सर्जेरावांच्या गुऱ्हाळावर. सर्जेराव म्हणजे नदीकाठचे मोठे बागायतदार, सोसायटीत वजन, गावात शब्दाला मान. त्यांच्या गुऱ्हाळाशी इमामभाईंचं नातं वडिलांपासूनचं. खंडेनवमीला गावोगाव हत्यारांची, अवजारांची पूजा होते. सर्जेरावांच्या गुऱ्हाळावर त्या दिवशी पूजेनंतर चरकाला पहिलं तेल घालायचा मान केडगावच्या पत्रेवाल्याचा. आधी वडिलांचा, मग इमामभाईंचा. त्या दिवशी ते धुतलेला पांढरा सदरा घालायचे, कुणावर चिडायचे नाहीत, सर्जेरावांच्या पत्नी साखरबाईंच्या हातची पुरणपोळी खाऊन यायचे आणि मग दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाची कसर भरून काढायचे.

त्या वर्षी नवमीला इमामभाईंच्या अंगात ताप होता, म्हणून ते गेले नाहीत. चार दिवसांनी बातमी आली. चरकाला तेल घालणारा नवनाथ, भांडगावचा तरणाताठा पोरगा, उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं मुळासकट गमावून बसला. सर्जेरावांनी सगळ्यांना सांगितलं की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चरक चालू असताना इमामभाईंची कुप्पी अडली, तेल सुटेना, म्हणून नवनाथ वाकून बघायला गेला आणि हात चाकात गेला. कुप्पीनं घात केला.

सर्जेरावांचा शब्द, मग कोण शंका घेणार. आठवड्याच्या बाजारात कुणीतरी जुळवलं, ‘इमामची कुप्पी, बोटं कापी.’ लोकांना असलं काही मिळालं की जिभेला हाड राहत नाही. गुऱ्हाळवाले कुप्प्या परत आणून द्यायला लागले. काहींनी तेवढीही तसदी घेतली नाही, दुकानापुढं ठेवून निघून गेले. इमामभाई सकाळी फळी उघडायचे तर पायरीवर कुप्पी. ती उचलून ते कानाशी धरायचे. टक्. बूड ठणठणीत. मग दिवसभर चहावाला मान हलवत राहायचा.

अशात एक टेम्पोवाला सर्जेरावांच्या गुऱ्हाळावरची ती कुप्पी घेऊन आला. साखरबाईंनी दिलीय, जशी आहे तशी नेऊन द्या म्हणाल्यात, असं सांगून तो निघाला. इमामभाईंनी कुप्पीभोवतीचा कागद सोडला आणि बघतच राहिले.

कुप्पीला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती. गळ्यात लाल नाडा होता आणि त्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या अडकलेल्या होत्या. नळीच्या टोकावर कुंकवाचा टिळा घट्ट वाळून बसला होता. इमामभाईंनी बूड दाबलं. काहीच आलं नाही. जोरात दाबलं, तेव्हा कुंकवाची लाल गुळी टोकातून उडून भिंतीवर आपटली आणि तिच्यामागं तेलाची बारीक धार सुटली, सरळ, न तुटता. हे तेल त्यांनीच महिन्याभरापूर्वी भरून दिलेलं, गळ्यापर्यंत भरलेलं, तसंच होतं. अंगावरची हळदीकुंकवाची बोटंही जराही पुसली नव्हती, म्हणजे पूजेनंतर ही कुप्पी कुणी हातात धरलीच नव्हती, थेंबही पडला नव्हता. ज्या कुप्पीवर बोटांचं पाप टाकलं होतं, ती त्या चाकाजवळ गेलीच नव्हती.

रागानं इमामभाईंनी दुकान उघडंच टाकलं, स्कूटर काढली आणि तडक भांडगाव गाठलं.

नवनाथ घराच्या ओट्यावर बसला होता. हाताला भलंमोठं बँडेज. इमामभाईंनी कुप्पी त्याच्यापुढं धरली आणि विचारलं, ही होती का तुझ्या हातात? पोरगा आधी नजर चुकवायला लागला. सर्जेरावांनी दवाखाना केला होता, बरा झाल्यावर काम देतो म्हणाले होते. तोंड उघडलं तर तेही जायचं. पण इमामभाई हलेनात, तेव्हा तो हळूहळू बोलला.

ते घडलं ते खुद्द खंडेनवमीलाच. सकाळी पूजा झाली. कोयते, पाने, तराजू आणि ही कुप्पी देवापुढं मांडली. मानाचं पहिलं तेल सोडलं तर एकदा मांडलेली वस्तू दसरा होईपर्यंत उचलायची नाही, तिला विश्रांती द्यायची, हा रिवाज, आणि त्या वर्षी मानकरीच आला नव्हता. चरकाला हार घातला, कारण चरक काही देवघरात नेऊन बसवता येत नाही. दुपारी व्यापाऱ्याचा फोन आला, गूळ उद्याच पाहिजे. ऊस तोडून पडलेला, वाळत चाललेला. सर्जेराव म्हणाले, करा सुरू. झेंडूचा हार गळ्यात तसाच आणि चरक फिरायला लागला. घटकाभरात चाकं कोरडी पडून किंचाळायला लागली. नवनाथनं कुप्पी मागितली तर सर्जेराव म्हणाले, ती देवापुढं आहे, तिला हात लावायचा नाही. मग घरातून त्यांच्या सुनेच्या, अनिताच्या, शिलाई मशीनची कुप्पी मागवली. एवढीशी, करंगळीएवढ्या नळीची. ती घेऊन नवनाथ त्या चाकांत वाकला.

“कुप्पीला सुट्टी व्हती, चाचा,” नवनाथ म्हणाला. “मला न्हवती.”

इमामभाई तसेच परत फिरले. रात्री जेवताना त्यांनी सगळं शहाबानोला सांगितलं. सर्जेरावाला आता चारचौघांत बोलायला लावतो, वडिलांपासूनचं नाव मातीत घातलं, कुप्पीची अब्रू घेतली, असं त्यांचं बराच वेळ चाललं होतं. शहाबानो भाकरी वाढता वाढता थांबली.

“कुप्पी का पूछे,” ती म्हणाली, “हाथ का पूछे क्या?”

इमामभाईंनी विचारलं नव्हतं. जखम भरतेय का, दुखतं का, जेवतो कसा, काहीच नाही. ते बायकोवरच खेकसले आणि ताटावरून उठले. पण तो प्रश्न घशात अडकलेल्या काट्यासारखा राहिला.

दुसऱ्या दिवशी ते सर्जेरावांच्या गुऱ्हाळावर गेले. चरक चालू होता, काहिलीखालच्या चुलवणाचा धूर अंगावर येत होता. सर्जेराव खुर्चीवर बसले होते. त्यांनी दुसरी खुर्ची मागवली, चहा सांगितला. इमामभाई बसले नाहीत. पिशवीतून कुंकवाची कुप्पी काढून त्यांनी सर्जेरावांच्या पुढ्यात ठेवली. सर्जेरावांनी ती बघितली, एकदा घराकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“आबा, मला काय बी नको,” इमामभाई म्हणाले. “चारचौघांत येवढंच म्हणा, कुप्पी देवापुढं व्हती.”

सर्जेरावांनी आवाज खाली आणला. ते म्हणाले, “इमामभाई, लोक इसरत्यात. तुमच्या कुप्प्या वर्सभरात परत खपत्याल. पर मी नवमीला चरक चालवला आन् देवानं रगत घेतलं, हे एकदा गावाच्या तोंडी बसलं तर माझी नातवंडं म्हातारी हुईपर्यंत जायाचं न्हाई.”

“देवानं काय घेतलं न्हाई. मोटर तुम्ही चालू केली.”

“जे झालं ते झालं.”

“आन् माझ्या बापाचं नाव?”

सर्जेरावांनी चहाचा कप पुढं सरकवला. खरं तर त्यांना लाज वाटत होती, पण लाज आणि प्रतिष्ठा यांची गाठ पडली की आपल्याकडं प्रतिष्ठेचीच सरशी होते. इमामभाईंनी चहाचा कप तसाच ठेवला. या गुऱ्हाळावर आता पाणी पिणार नाही, असं सांगून ते निघाले. चुलवणाजवळचे गडी मान खाली घालून पिळलेल्या उसाचं चिपाड आत ढकलत राहिले. गावातल्या निम्म्या लोकांना खरं काय ते माहीत होतं, कारण चरकाचा आवाज काही टोपलीखाली झाकता येत नाही. पण नवमीला गुपचूप चरक फिरवणारे सर्जेराव एकटे नव्हते. सगळ्यांच्याच पायाखाली जळत होतं, मग बोलणार कोण. इमामभाईंना या गप्प बसणाऱ्यांचा राग सर्जेरावांपेक्षा जास्त आला.

पुढचं वर्ष वाईट गेलं. कुप्प्यांचं गिऱ्हाईक तुटलं. इमामभाई चाळण्या करत बसायचे आणि प्रत्येक चाळणीला जणू सर्जेराव समजून भोकं पाडायचे. बाजारात पोरं ती ओळ म्हणायची तेव्हा ते हातोडी घेऊन उठायचे. पण शहाबानोचा काटा जात नव्हता. शेवटी एक दिवस ते कुंभाराकडून मातीचा ओला गोळा घेऊन परत भांडगावला गेले. या खेपेला त्यांनी पहिल्यांदा हाताचं विचारलं.

नवनाथनं बँडेज सुटलेला हात दाखवला. अंगठा होता, शेवटची दोन बोटं होती, मधली जागा रिकामी. कुप्पी धरायचं बेचकंच गेलं होतं. आता तो त्याच गुऱ्हाळावर चुलवणात चिपाड घालत होता, डाव्या हातानं. उजवा हात खिशात ठेवायची त्याला सवय लागली होती. इमामभाईंनी मातीचा गोळा त्याच्या त्या हातात दिला आणि आवळायला सांगितलं. नवनाथनं आवळला. अंगठ्याची, तळव्याची, दोन बोटांची खूण गोळ्यात उठली. इमामभाईंनी तो ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणला.

मग सुरू झाली ती वेगळीच लढाई. अंगठ्यानं बूड दाबायची कुप्पी या हाताला चालणार नव्हती. सगळा जोर तळव्यानं द्यावा लागणार होता. इमामभाईंनी कुप्पीच्या अंगाला पट्टीचं रुंद कडं बसवलं, त्यातून हात घालायचा. बुडाखाली बंदुकीच्या घोड्यासारखी लोखंडी पट्टी लावली. हात आवळला की पट्टी बुडाला दाबायची. पहिल्या कुप्पीचं बूड तडकलं. दुसरीची पट्टी इतकी ताठ की शहाबानोनं दोन्ही हातांनी दाबली तरी हलेना. तिसरी गळली आणि रस्त्यावर गेली, एका सायकलवाल्याच्या पायाला लागली, त्यावरून वेगळं भांडण झालं. तेल सुटायचं तर धारेनं न सुटता भसकन सुटायचं. इमामभाई स्वतःला शिव्या द्यायचे, बापाला द्यायचे, पत्रा करणाऱ्या कारखान्याला द्यायचे. शहाबानो म्हणाली की एवढ्या शिव्यांत तर कुप्पी आपोआप तयार व्हायला पाहिजे होती. पण गणपती उठले त्या सुमाराला एक कुप्पी बसली. हात आवळला, टक् झालं आणि बारीक सरळ धार पडली. नळी होती तेवढीच, वीत आणि वर चार बोटं.

कुप्पीच्या गळ्याला त्यांनी एक कडी कथलानं झाळली होती. कडीत साखळी होती. साखळी कशाला, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

नवमीच्या आदल्या दिवशी सर्जेरावांच्या सुनेचा, अनिताचा, फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती; सासूला, साखरबाईंना, ती आत्या म्हणायची. मामू, आत्यांनी सांगितलंय, या वर्षी तुम्ही यायचंच. इमामभाईंनी विचारलं, आबांनी सांगितलंय का? अनिता परत म्हणाली, आत्यांनी सांगितलंय. मग ती आपणहून म्हणाली की तिनं त्या दिवसापासून शिलाई मशीन उघडलेलं नाही. फोन ठेवल्यावर इमामभाईंनी शहाबानोला पांढरा सदरा काढायला सांगितला.

ते मुद्दाम पूजेच्या आधी पोचले. अंगणात शेजारचे गुऱ्हाळवाले, गडी, आणि भावकीतली दोनचार माणसं जमली होती. उसानं भरलेली ट्रॉली याही वर्षी उभी होती, ते इमामभाईंच्या डोळ्यांतून सुटलं नाही. सर्जेराव त्यांना बघून चपापले, या म्हणाले, पण पुढं आले नाहीत. इमामभाई कुणाशी न बोलता सरळ चरकापाशी गेले. चौकटीला एक मोकळं भोक होतं. त्यांनी साखळीच्या टोकाचं कडं त्यावर धरलं, बोल्ट घातला, नट आवळला आणि बोल्टाचं बाहेर आलेलं टोक हातोडीनं ठोकून चेपून टाकलं. आता तो नट कुणाच्या पान्यानं सुटणार नव्हता. कुप्पी साखळीला लटकत राहिली, चाकांपर्यंत पोचेल एवढी आणि घरापर्यंत पोचणार नाही एवढी.

ठोकायचा आवाज ऐकून सगळे जवळ आले. अनिता पूजेचं ताट घेऊन ओसरीवर आली होती. तिनं विचारलं, कुप्पी देवापुढं मांडायची ना?

“ती येत न्हाई,” इमामभाई म्हणाले. “आजपासनं माझ्या दुकानातली एक बी कुप्पी देवाकडं जायाची न्हाई. देवाला हिकडं आणा.”

भावकीतला एक जण पुढं सरसावला, हे काय बोलणं झालं, कुणाच्या देवाला कोण बोलावतंय, असं काहीतरी म्हणायला लागला. इमामभाई हातोडी घेऊन तसेच उभे राहिले. आवाज चढणार असं दिसताच साखरबाई ओसरी उतरल्या. त्यांनी सुनेच्या हातातलं ताट घेतलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अंगण ओलांडून चरकापाशी आल्या. सर्जेराव मध्ये उभे होते. त्या नवऱ्याला वळसा घालून पुढं गेल्या. त्यांनी आधी चरकाला, मग साखळीतल्या कुप्पीला हळदकुंकू लावलं. नळीच्या टोकाला मात्र लावलं नाही, तिथलं बोट मागं घेतलं.

“ग्येल्या साली ही हितं असती,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “तर त्या लेकराची बोटं ऱ्हायली असती. आम्ही तिला देवापुढं बसवली आन् त्याला चाकात घातला.”

सर्जेराव जमिनीकडं बघत होते. जमलेले गुऱ्हाळवाले हळूहळू इमामभाईंकडं बघायला लागले, आता तुमचं नाव धुऊन निघालं अशा नजरेनं. एक जण तर पुढं येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेला. वर्षभर इमामभाई याच घडीची वाट बघत होते. दुकानात चाळण्या ठोकताना हाच प्रसंग त्यांनी मनात शंभरदा रंगवला होता. आणि आता तो आला तर राग जराही उतरला नव्हता.

कारण त्यांना चुलवणाजवळ नवनाथ दिसला. तो धुराच्या बाजूला उभा होता, उजवा हात खिशात. त्याच्याकडं कुणीही बघत नव्हतं. सगळ्या माना पत्र्याच्या कुप्पीकडं आणि तिच्या कारागिराकडं. वर्षभर आपणही हेच केलं, कुप्पीची अब्रू, कुप्पीची अब्रू. इमामभाईंना स्वतःचाच इतका संताप आला की खांद्यावरून नुकताच गेलेला तो हात त्यांना आत्ता झटकावासा वाटला.

“नवनाथ, हिकडं ये,” ते म्हणाले. “पैलं तेल तू घालायचं. मान तुझा हाय.”

नवनाथ आला. माणसांनी त्याला वाट दिली. इमामभाईंनी कुप्पी पुढं केली, कड्यात हात कसा घालायचा ते दाखवलं. नवनाथनं कुप्पी बघितली, मग तिच्या मागची चाकं बघितली. खिशातला हात बाहेर आला नाही.

“मेन स्वीच बंद हाय का?” त्यानं विचारलं.

गड्यांपैकी कुणीतरी हसलं, अरे आज नवमी आहे, चरक कशाला चालू असेल म्हणालं. नवनाथनं तिकडं बघितलंही नाही. तो सर्जेरावांकडं बघत होता.

“आबा, तुम्ही बघून या.”

चुलवणात चिपाड घालणारा गडी मालकाला काम सांगत होता. वडगाव रासाईत असं कुणी ऐकलं नव्हतं. इमामभाईंनी हातातली हातोडी घट्ट धरली. पण सर्जेराव वळले, मोटरीच्या पत्र्याच्या खोलीत गेले आणि परत आले.

“बंद हाय,” ते म्हणाले.

“परत बघा,” नवनाथ म्हणाला.

सर्जेराव जागच्या जागी उभे राहिले. त्यांनी एकदा भावकीकडं बघितलं, एकदा साखरबाईंकडं. साखरबाई ताट घेऊन तशाच उभ्या होत्या. मग सर्जेराव पुन्हा खोलीत गेले. या वेळी त्यांना यायला वेळ लागला. आले तेव्हा त्यांच्या हातात स्विचच्या पेटीतले तिन्ही फ्यूज होते. ते त्यांनी पूजेच्या ताटात, हळदीकुंकवाशेजारी ठेवले.

नवनाथनं खिशातून हात बाहेर काढला.